पायडलाची रबरं

मला गाडी चालवता येत नाही. पण गाडीच्या पायडलावरचं रबर कधी बदलावं आणि ते कसं चढवावं, हे मात्र मला येतं. चारचौघींत सांगितलं तर हसतील, म्हणून कधी कुणाला सांगितलं नाही. इथं लिहायला हरकत नाही.

लढाई संपली आणि आमचे हे घरी आले. पलटणीत ते लॉरी चालवायचे. ब्रह्मदेशाच्या वाटेवर चिखलातून, डोंगरातून त्यांनी लॉऱ्या नेल्या होत्या. घरी आल्यावर हातात पुन्हा बैलाचा कासरा आला. मी न्याहारी घेऊन बांधावर गेले की गंमत दिसायची. औत टोकाला जाऊन बैल वळायला आले, की ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा उगाच ढेकळात रुतायचा. बैल आपले आपण थांबायचे, पण ह्यांचा पाय काही दाबायचा राहत नसे.

मामंजींनीही ते पाहिलं असणार. उसाचं साल बरं गेलं तेव्हा सांगलीच्या एका वकिलाची जुनी काळी मोटार घरी आणायला त्यांनी हरकत घेतली नाही. "पोराचा पाय जिमिनीत ठरंना, तर ठरू दे मोटारीत," एवढंच म्हणाले.

आमचं घर उंब्रजच्या पुढं, मोठी सडक सोडून नदीकडं उतरलं की लागायचं. त्या उताराच्या तळाशी आमचं अंगण, अंगणात कडुलिंब, त्याच्या सावलीत गाडी उभी राहायची. भाडी चांगली मिळायची. कुणाची मिरजेला दवाखान्यात जायची निकड, कुणाची साताऱ्याला कोर्टात तारीख, कुणाच्या नवरदेवाला बैलगाडीत बसायची लाज. रहिमतपूरपर्यंतचे लोक निरोप पाठवायचे.

मामंजी आधी गाडीच्या जवळ जात नसत. लांबून बघायचे. मग एक दिवस टपावर हात ठेवला. मग दुसऱ्या दिवशी थोपटलं. पुढं पुढं तर सकाळी गोठ्यात बैलांना थोपटून झालं की येता येता गाडीलाही थोपटायचे. पुढच्या बाजूला काळा दोरा, बिब्बा आणि मिरच्या त्यांनीच बांधल्या. बेंदराला बैलांची शिंगं हुरमुंजानं रंगवून झाली, वाटीत थोडा लाल रंग उरला, तर तो घेऊन गाडीकडं गेले आणि दोन्ही दिव्यांच्या कडांना शिंगांसारखा लावला. ह्यांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला, पण पुसला नाही. ती लाल कड पुढं कितीतरी दिवस तशीच होती.

मी तेव्हा घरात फार बोलत नसे. आता तरी कुठं बोलते! पण तेव्हा रीतही तशीच होती. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याला सांगायचं, म्हणजे ते त्यांना कळायचं. घरात तिसरं माणूस नसलं तर वासराला सांगायचं. मी गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणायची, "वासरा, भाकरी वाढलीय म्हणावं." मामंजी वैरण टाकता टाकता वासरालाच म्हणायचे, "व्हय रं, आलोच." वासरू दोघांकडं आळीपाळीनं बघायचं. असा आमचा चौघांचा कारभार, वासरू धरून, पाच माणसांच्या घरासारखा चालला होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

फाल्गुनात कडबा अंगणात आला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतः उभं राहून गंजी रचून घेतली होती. गंजी कडुलिंबाच्या पलीकडंच होती. एका दुपारी हे कऱ्हाडहून रिकामी गाडी घेऊन आले. उतारावरून नेहमीसारखे खाली आले. आत्याबाई शेणाची पाटी घेऊन अंगणात होत्या, मी जात्यावरून उठून दारात आले होते. गाडी कडुलिंबाखाली आली. नेहमी तिथं थांबायची, पण त्या दिवशी थांबली नाही. शांतपणे कडुलिंबाला ओलांडून पुढं गेली आणि गंजीत शिरली.

आवाजसुद्धा मोठा झाला नाही. नुसतं 'भस्स' झालं आणि वरच्या पेंढ्या गाडीवर कोसळल्या. कोंबड्या ओरडत उडाल्या. क्षणभर अंगणात गाडी दिसेनाच, नुसती एक मोठी गंजी, आणि तिच्यातून धूर निघत होता. आत्याबाईंची पाटी हातातच राहिली. मग गंजीच्या मधून ह्यांचं डोकं बाहेर आलं. केसांत कडब्याची पानं अडकलेली.

"लागलं न्हाई," हे म्हणाले.

"कुनाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"मला."

"गंजीला लागलं की!" म्हणून आत्याबाई ओरडल्या, आणि मग पाटी खाली टाकून त्यांनी ह्यांचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं.

लोक जमायला किती वेळ लागतो? शेजारचे सगळे आले. एकजण म्हणाला, "गड्या, गाडीला भूक लागली आसंल. पेट्रोल पाजतोस, वैरण कवा टाकतोस?" दुसरा म्हणाला, "मिलिटरीत रम देत्यात म्हनं. ती अजून उतरली न्हाई." ह्यांच्या गळ्यात माळ होती, पलटणीतही त्यांनी कधी थेंब घेतला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी हसायचं ते हसलेच. हे पेंढ्या उचलत राहिले. एवढंच म्हणाले, "ब्रेकवरनं पाय घसरला."

पाय घसरला, हे त्या दिवसांत फार वाईट निघालं. कारण माझ्या नणंदेला, वन्सना, शिराळ्याहून माहेरी आणायचं होतं. त्यांचं पहिलंच बाळंतपण. सातवा महिना लागत होता. बैलगाडीनं आणलं तर दोन दिवस हाडं खिळखिळी होणार, म्हणून ह्यांनी संक्रांतीलाच बहिणीला शब्द दिला होता, "तुला मोटारीतनं आनतो. मऊ गादीवर बसून ये." शिराळ्याला वन्सनी ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी चुलीपुढं आत्याबाईंनी निकाल दिला. "जी गाडी आपल्या दारात थांबंना, ती उतारावर थांबंल? माझी पोर त्या गाडीत बसनार न्हाई. बैलगाडी जुंपायची."

"आई, एकदा घसरला पाय," हे म्हणाले.

"एकदाच घसरायचा आसतोय. पोटुशी बाई घसरली म्हंजी दुसऱ्यांदा घसरायला उरत न्हाई."

ज्या माणसानं लढाईत दारूगोळ्याच्या लॉऱ्या कड्याकडेनं नेल्या, त्याला आपल्याच बहिणीला शिराळ्याहून आणायला त्याच्या आईनं मनाई केली होती. ते भाकरी मोडत होते आणि खात नव्हते, ते मला दिसत होतं. जेवून उठताना मामंजी वासराला नाही, कुणालाच नाही, असं म्हणाले, "गाडीचं आंग आखडलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी गाडीचं दार उघडून मला हाक मारली. "हितं ये. तुजं हात बारीक हायती."

मी लुगड्याचा काचा घट्ट करून गाडीत वाकले. तोपर्यंत मी गाडी बाहेरून धूत असे, आत पायाशी कधी बघितलं नव्हतं. खाली तीन पायडलं होती. एक पेट्रोलचं, ते नुसतं लोखंडी बटण. बाकीची दोन, क्लचचं आणि ब्रेकचं, तळहाताएवढी. त्यांच्यावर रबर चढवलेलं, उशीवर अभ्रा चढवतात तसं. रबराची कड पत्र्याच्या मागं वळलेली असते, तिच्यावरच ते धरून राहतं.

ह्यांनी मला बघायला शिकवलं. "आदी आंगठ्यानं दाब. मग आडवं बोट फिरीव. रेघा लागत्यात का बोटाला?"

क्लचच्या रबरावर रेघा होत्या, पण डाव्या बाजूला झिजून गेल्या होत्या. पाय तिथंच पडतो ना. ब्रेकच्या रबरावर मात्र एकही रेघ नव्हती. गुळगुळीत. आणि दाबलं तर अंगठा आत जायचा आणि खळगा तसाच राहायचा. "आता बाजूनं ढकल," हे म्हणाले. मी ढकललं तर ब्रेकचं रबर पत्र्यावर गरकन फिरलं. पायात सैल वहाण फिरते तसं.

"बघ," हे म्हणाले, "पाय दाबाय गेला आन् रबर पायासंगं फिरलं. माजा पाय काय करील?" ते जरा मोठ्यानंच म्हणाले. अंगणात आत्याबाई होत्या. त्यांनी ऐकलं आणि कोंबड्यांना दाणे टाकत राहिल्या.

पण ह्यांच्या कपाळावर आठी होती. "झिजलं, ते समजलं. पन इतकं मऊ कसं झालं? लॉरीवर दोन दोन साल रबर बघितली. दगडागत हुत्यात, चिरा पडत्यात. आसं लोण्यागत हुत न्हाईत."

नवं रबर घ्यायचं म्हणजे सांगलीला जायला हवं होतं. लढाईत सगळं रबर पलटणीच्या गाड्यांना गेलं होतं, आणि लढाई संपली तरी बाजारात नीटसं आलं नव्हतं. माझं माहेर सांगलीच्या शेजारीच. आईला बघायचं निमित्त करून मीही निघाले. मसूरला आगगाडीत बसलो. जुनी दोन्ही रबरं फडक्यात बांधून माझ्या ओटीत ठेवली होती.

सांगलीत मोटारीच्या सामानाचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, वरपर्यंत फळ्या, आणि मधे चष्मा लावलेला एक गोल माणूस. मी पायरीवरच उभी राहिले. ह्यांनी गाठोडं सोडलं. दुकानदारानं ब्रेकचं रबर उचललं, दोन बोटांत दाबलं, उजेडाला धरलं.

"काय हो, हे रबर आहे का अनारसा?"

हे म्हणाले, "गाडीवरचंच हाय. जरा मऊ पडलंय."

"मऊ पडलंय? तुपात सोडलेलं दिसतंय." त्यानं नाकाशी नेलं. मग हसू लागला. हसता हसता चष्मा काढून पुसला. "भजी तळली का तुम्ही ह्याची?"

"इंजनाचं त्याल गळत न्हाई माझ्या गाडीत," ह्यांना राग आला होता.

"इंजिनाचं कोण म्हणतंय? खायचं तेल आहे. घ्या, वास घ्या." ह्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्यांना कळलं नाही. पुरुषमाणसाला तेलाचे वास कुठले कळायला? मग त्यांनी ते पायरीवर माझ्याकडं दिलं.

मी वास घेतला आणि लगेच ओळखला. करडईचं तेल. आणि नुसतं करडईचं नव्हे, कढवून काळं झालेलं. तसं तेल आमच्या घरात एकाच ठिकाणी असायचं, गोठ्याच्या कोनाड्यात, तांब्याच्या गडूत. मोटेला लावायचं तेल ते. विहिरीची चामड्याची मोट वाळली की कडक होते, चिरते. म्हणून अमावास्येला बैल सुटे असतात, मोट बंद असते, तेव्हा मामंजी मोट खाली उतरवून तिला तेल पाजायचे. दिवसभर चोळायचे. मोटेवर त्यांचा जीव होता. आमच्या मोटेसारखी मऊ मोट आसपासच्या शिवारात नव्हती.

आणि अमावास्येला गाडीलाही भाडं नसायचं. कोण निघतंय अमावास्येला?

दुकानदारानं खण उपसून उपसून एक जोडी काढली. "ही दुसऱ्या गाडीची आहे. जरा लहान पडेल. पण लहानच बरी. सैल न्याल तर पुन्हा फिरेल. गरम पाण्यात बुडवा, ताणून चढवा. आणि ऐका, साबण नाही, तेल नाही, तूप नाही. ज्यानं कुणी हे केलंय त्याला सांगा, गाडी म्हणजे लोणचं नव्हे मुरवायला."

परतताना मिरजेला गाडी बदलली. आगगाडीत बाया कमी होत्या, मी खिडकीशी होते. ताकारी गेल्यावर मी ह्यांना हळूच म्हणाले, "आवं, त्यो वास मोटंच्या तेलाचा हाय."

हे बाहेर उसाकडं बघत होते. ते एकदम हसायला लागले. समोरचा पागोटेवाला जागा झाला. हसताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आबांनी गाडीची मोट केली!" म्हणाले. "तरीच म्हनलं, पायडलं चकाकत्यात कशी. मला वाटलं तू पुसतीस."

मग हसू ओसरलं आणि ते गंभीर झाले. "आबांना हे कळू द्यायचं न्हाई."

"मग आत्याबाईंना काय सांगायचं?"

"रबर जुनं झालं हुतं. झिजलं. खोटं थोडंच हाय?"

"आन् येत्या आवसंला मामंजी नव्या रबराला त्याल लावतील, तवा?"

"मी त्या दिवशी गाडीपशी बसतो."

"किती आवसा बसनार?"

अमावास्या चार-सहा दिवसांवर होती आणि पाडवा झाला की वन्सना आणायचं होतं. वडलांना सांगितलं तर वडलांचं मन मोडणार, नाही सांगितलं तर नवं रबरही लोण्यासारखं होणार आणि त्याच पायडलावर पाय ठेवून बहिणीला आणायचं.

घरी आल्यावर रबर बसवायला एक सकाळ गेली. ह्यांची बोटं जाड, पत्र्याच्या मागं जागा मुळीच नाही. मी पातेल्यात कढत पाणी आणलं, त्यात रबर बुडवून ठेवलं. मऊ झालं की कोरडं पुसून पायडलावर धरायचं. मी गाडीच्या तळाशी आडवी झाले, डोकं आत, पाय बाहेर. आत्याबाईंना नुसते माझे पाय दिसत होते. "ही काय गाडीच्या पोटातनं निघतीया का काय?" त्या म्हणाल्या.

तीन वेळा रबर चढवायला गेले, तीन वेळा निसटलं. वरची कड बसली की खालची सुटायची. मग मला कासार आठवला. घट्ट बांगडी चढवताना तो सगळा हात एकदम आत घालत नाही. आधी अंगठ्याकडचं हाड आत घेतो, मग थोडा थोडा हात दाबत एका बाजूनं पुढं सरकतो. मी तसंच केलं. आधी एक कोपरा पत्र्याच्या मागं अडकवला आणि अंगठ्यानं दाबून धरला. मग लाकडी पळीच्या दांड्यानं कड ओढत ओढत दुसऱ्या कोपऱ्याला नेली. लोखंडी उलथनं घेतलं असतं तर रबर फाटलं असतं. शेवटचा कोपरा बसताना 'टप्' असा आवाज झाला. तो आवाज मला फार आवडला.

ह्यांनी पायानं आडवं ढकलून पाहिलं. हललं नाही. जोरानं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. "शाब्बास," म्हणाले. उघडपणे म्हणाले, आत्याबाईंच्या समोर. मी लाजून घरात पळाले.

आत्याबाईंवर मात्र काही परिणाम नव्हता. "नवं पायतान घातलं म्हनून का गाडी शानी हुती? बैलगाडीच्या आखाला वंगण घालून ठिवा."

अमावास्येला हे पहाटेच उंब्रजला पेट्रोलच्या खटपटीला गेले. लवकर येतो म्हणाले होते, पण ऊन वर आलं तरी आले नाहीत. आत्याबाई नदीवर. मी गोठ्यात शेण काढत होते. मामंजींनी मोट उतरवून तेल पाजलं, उन्हात पालथी घातली. मग उरलेलं तेल वाटीत घेतलं, खांद्यावर फडकं टाकलं आणि गाडीकडं चालू लागले.

मी हातातला खराटा खाली टाकला. मी गोठ्याच्या दारात आले. वासरू खुंट्याला होतं.

"वासरा," मी म्हणाले. आवाज असा निघाला की वासरालासुद्धा ऐकू गेला नसेल. मी पुन्हा म्हणाले, "वासरा! मोटंला त्याल चालतंय. रबराला चालत न्हाई म्हनावं."

मामंजी थांबले. माझ्याकडं बघायची रीत नव्हती, ते वासराकडं वळले. "वासरा, कोन म्हनतंय आसं?"

"सांगलीचा दुकानदार, म्हनावं."

"त्येनं कवा मोट हाकलीया का, इचार."

"मोट न्हाई हाकली. पन रबर इकतोय."

"इकायला काय लागतंय? रबर बी चामड्यागतच की. वाळतंय, चिरतंय. त्याल न्हाई दिलं तर जगंल कसं? रबर कुठल्या जनावराचं आसतंय रं वासरा?"

हे मला ह्यांनी सांगितलेलं होतं, म्हणून बरं. "जनावराचं न्हवं म्हनावं. झाडाचा चीक आसतोय. त्यो गोठवत्यात. ह्यांनी ती झाडं बघितलीत, पल्याडच्या मुलखात."

मामंजी गाडीच्या दारापाशी वाटी घेऊन उभे. "चीक?" ते म्हणाले. "फनसाच्या चिकागत?"

"तसाच आसंल, म्हनावं."

ते वाटीत बघत राहिले. शिराळ्याकडून दरसाल आमच्याकडं फणस यायचा, आणि तो कापायचं काम मामंजींचंच. कापायच्या आधी हाताला तेल, कापून झाल्यावर पुन्हा तेल. तेलाशिवाय फणसाचा चीक सुटत नाही, हे त्यांना दुकानदारानं सांगायची गरज नव्हती.

"तेलानं चीक सुटनारच की," ते अगदी हळू म्हणाले. मग वासराकडं न बघताच विचारलं, "मग त्यो पाय... माज्या तेलानं घसरला व्हय रं?"

मी पदर तोंडात धरला. वासरू कान हलवत उभं राहिलं.

मामंजींनी वाटी नेऊन बैलगाडीच्या आखावर ओतली. मग हात फडक्याला पुसले आणि कितीतरी वेळ पुसतच राहिले. मला वाटलं, मी फार मोठं काही करून बसले. ह्यांनी बजावलं होतं की कळू द्यायचं नाही. दुपारी हे आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, तर ते माझ्याकडं बघतच राहिले. "तू बोललीस? आबांबरुबर?"

"वासराबरुबर," मी म्हणाले.

संध्याकाळी बापलेक जेवायला बसले होते. आत्याबाई वाढत होत्या, मी चुलीशी भाकरी थापत होते. मामंजी म्हणाले, "ऐकलं का? गंजीत गाडी शिरली, त्यात तुज्या लेकाचा दोष न्हाई."

"मग काय गंजी चालून आली?"

"पायडलाला मी त्याल लावत हुतो. दर आवसंला. मोटंगत."

आत्याबाईंची पळी आमटीत थांबली. "मोटारीला?"

"व्हय."

"त्याल लावत हुता?"

"चोळून चोळून."

"आगं बया!" आत्याबाई मटकन खाली बसल्या. "मी दोन पावसाळं वरडतीया, गुडगं धरलं, जरा त्याल लावा. तवा म्हनं येळ न्हाई. आन् मोटारीचं पाय चोळत बसत हुता व्हय?"

हे खाली मान घालून हसत होते. मामंजीही हसले, पण लगेच थांबले आणि म्हणाले, "पोराला बोल लावू नगंस. पाय त्येचा शाबूत हाय. लेकीला गाडीनं आन."

आत्याबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. आमटी वाढली, भाकरी वाढली, ताटं उचलली. मग म्हणाल्या, "मी सोता बसून बघनार. जाताना माजं हाड शाबूत ऱ्हायलं, तर येताना पोर बसंल. न्हाईतर तिथनं बैलगाडी करीन."

त्या तोवर कधी गाडीत बसल्या नव्हत्या. पाडव्यानंतर आम्ही निघालो तेव्हा मामंजी जनावरांपाशी राहिले. आत्याबाईंनी मला मागं शेजारी बसवलं आणि माझं मनगट धरलं. कऱ्हाडपर्यंत सोडलं नाही. पुलावरून कोयना दिसली तरी बघितली नाही. पुढच्या बाकाच्या पाठीवर नजर लावून बसल्या होत्या, जणू तिथं काही लिहिलेलं होतं.

शिराळ्याच्या अलीकडं उतार आहे. गाडी उताराला लागली आणि वळणावर एकदम मेंढरं. सगळी सडक भरून, पांढरी-काळी, आणि मागं घोंगडीवाला धनगर. आत्याबाईंनी डोळे मिटले आणि मनगट असं आवळलं की माझ्या बांगड्या पिचल्या. ह्यांचा उजवा पाय खाली गेलेला मी पाहिला. गाडी चालता चालता हळू झाली आणि उभी राहिली. पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एक मेंढी होती, तिनं वर बघितलंसुद्धा नाही. मेंढरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागली.

"थांबली?" आत्याबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"थांबली," मी म्हणाले.

त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. खिडकीतून मेंढरं बघितली. धनगरानं हातातला रुमाल उंचावला, "जाऊ द्या पावनं सावकास!" शेवटची मेंढी गेली, तरी हे गाडी सुरू करेनात. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता.

"मग आता?" आत्याबाई म्हणाल्या. "का हितंच बिऱ्हाड करायचं?"

वन्स दारातच वाट बघत होत्या. नवं लुगडं, केसांत अबोली, पोट सांभाळत अर्धी गल्ली चालून सामोऱ्या आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी गाडीला फेरी मारली आणि दिव्यांच्या लाल कडा बघून विचारलं, "हे काय?" ह्यांनी सांगितलं, "शिंगं." त्यांनी मान डोलावली, जसं काही सगळ्याच गाड्यांना असतात.

येताना वन्स मधे, एका बाजूला मी, एका बाजूला आत्याबाई. थोडा वेळ दोघी मायलेकी बोलत होत्या, कोण कसं वागवतं, काय खावंसं वाटतं. मग गाडीच्या लयीवर वन्सना झोप लागली. डोकं आईच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. खड्डा आला की हे आधीच गाडी हळू करायचे आणि वन्सची झोप मोडत नसे. ऊन कलायला लागलं होतं. कऱ्हाड मागं पडलं.

आत्याबाईंनी पुढं वाकून ह्यांच्या खांद्याला बोट लावलं. "आरं, जरा बेगीनं घे की. पोर उपाशी हाय. घरी पोचून चूल पेटवायची हाय."

"आई, रस्ता खराब हाय. हळूच बरं."

"खराब आसला तर आसला. तू हाईस न्हवं?"

ह्यांनी काही गाडी जोरात घेतली नाही. मागून मला त्यांचे कान तेवढे दिसत होते. ते हसले की कान जरा वर जातात.